वाळूचा प्रत्येक थर त्सुनामीचा नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

किनारपट्टीवर विहीर खणताना किंवा धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा पाया घेताना मातीत पांढऱ्या वाळूचा, शिंपल्यांचा पट्टा लागला, की ‘प्राचीन त्सुनामीचा पुरावा सापडला’ अशी बातमी येते. पुढच्या आठवड्यात जेसीबी तोच पट्टा खरवडून भरावाला नेतो. बातमी चुकीची असण्याची शक्यता बरीच असते. आणि खरी असली, तरी तपासायला जागेवर काही उरलेले नसते. अशा थरात नेमके काय बघायचे, हे मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून हे पत्र. लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर खड्ड्याच्या परिच्छेदाला लावू नये, एवढी विनंती.

तुलनेसाठी सर्वांत भरवशाची वाळू २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची. अंदमान-निकोबार, सुमात्रा, थायलंडची बेटे, मालदीव, सगळीकडे एकाच दिवशी वाळू पडली, तारीख पक्की, पाणी कुठवर आले हेही लोकांनी पाहिलेले. थायलंडच्या फ्रा थाँग बेटावर समुद्राला समांतर अशा जुन्या वाळूच्या वरंब्यांमध्ये पाणथळ खोलगट भाग आहेत. तिथे २००४ ची वाळू ५ ते २० सेंटिमीटर जाडीची बसली. तिच्याखाली काळी, कुजलेल्या पाल्याची माती, आणि त्या मातीखाली पुन्हा तशीच वाळू. ही खालची वाळू ५५० ते ७०० वर्षांपूर्वीची निघाली. २००४ च्या आधी तिथे असे कधी घडल्याचे कोणालाच ठाऊक नव्हते. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचे महत्त्व याच गोष्टीत होते: वरच्या थराची ओळख पटलेली होती, म्हणून खालचा ओळखता आला.

हा थर तयार कसा होतो ते आधी पाहू, कारण बाकीच्या खुणा त्यातूनच निघतात. किनाऱ्याजवळ येताना लाट उथळ समुद्रतळावरची आणि पुळणीवरची वाळू उचलते. पाणी जमिनीवर पसरत जाते तसा वेग कमी होतो. जाड कण आधी खाली बसतात, बारीक नंतर. आत गेलेले पाणी परत फिरण्याआधी थोडा वेळ जवळजवळ स्थिर राहते, त्या वेळात सगळ्यात वर पातळ चिखल बसतो. त्सुनामीच्या दोन लाटांमध्ये दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत अंतर असते, त्यामुळे प्रत्येक मोठ्या लाटेला आपला पट्टा टाकून वर चिखलाची साय धरायला वेळ मिळतो. एका थरात असे दोन-तीन, फार तर चार पट्टे दिसतात. वादळातल्या लाटा दर दहा-पंधरा सेकंदांनी येतात आणि हे तासन्‌तास चालते. म्हणून वादळी थरात केसाएवढ्या बारीक रेघांचे थरावर थर असतात, आणि मधे चिखल बसायला उसंत मिळालेली नसते.

पापुआ न्यू गिनीची १९९८ ची आणि पेरूची २००१ ची त्सुनामी, या दोहोंच्या वाळूची अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या दोन चक्रीवादळांच्या वाळूशी तुलना झाली आणि २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिचे आकडे आजही कामाला येतात. त्सुनामीचा थर बहुधा २५ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचा, शेकडो मीटर आत गेलेला, आणि खालच्या उंचसखल जमिनीवर चादरीसारखा पसरलेला असतो. वादळाचा थर किनाऱ्याजवळ ३० सेंटिमीटरहून जाड असतो, साधारण ३०० मीटरच्या आत संपतो, आणि संपतो तोही एकदम. आपल्याकडे उलटा समज आहे: थर जितका जाड तितकी त्सुनामी पक्की. दीड मीटर जाडीचा, पुळणीलगतचा, शिंपल्यांनी गच्च भरलेला पट्टा दाखवून कोणी त्सुनामी म्हणत असेल, तर आम्ही आधी वादळाचा विचार करू, नाहीतर वाऱ्याने रचलेल्या टेकडीचा, नाहीतर चक्क जुन्या वस्तीच्या उकिरड्याचा. माणसे शतकानुशतके कालवं-तिसऱ्या खात आली आहेत आणि टरफले एकाच ठिकाणी टाकत आली आहेत. अशा ढिगात एक-दोन जातींचीच, खाण्याजोग्या आकाराची टरफले असतात, सोबत राख आणि खापरे. समुद्राने आणलेल्या थरात लहानमोठी, खाण्याच्या उपयोगाची नसलेली, फुटकी, सगळी सरमिसळ असते.

आणखी एक खूण सहज दिसते आणि तितक्याच सहज नजरेतून सुटते. वाळूचा तळ आणि जुनी जमीन यांमधली रेघ सुरीने कापल्यासारखी असते, आणि वाळूच्या खालच्या दोन-चार सेंटिमीटरमध्ये त्याच जमिनीची, सुपारीएवढी किंवा त्याहून लहान, ढेकळे अडकलेली असतात. पाण्याने जमीन खरवडली, ढेकूळ उचलले आणि ते विरघळायच्या आत वाळूत गाडले गेले. लाटांच्या तासन्‌तास चाललेल्या घुसळणीत असे ढेकूळ टिकत नाही. रेघेवर गवत असेल तर ते आडवे, बहुधा समुद्राकडून आतल्या बाजूला झोपलेले असते. थापीने वाळू हळू सोलली तर पात्यांची दिशा होकायंत्राने मोजता येते.

पण ही सगळी लक्षणे सगळ्याच बेटांवर मिळतात असे नाही. मालदीवमध्ये बेट म्हणजेच प्रवाळाची वाळू. जमिनीची वाळू, पुळणीची वाळू आणि लाटेने टाकलेली वाळू, तिन्हींचे घटक तेच. २००४ मध्ये तिथे बेटांच्या कडेला सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत वाळू चढली. म्हणजे किनारा कापला गेला, पण त्याच वेळी बेटाची कड किंचित उंचही झाली. शंभर वर्षांनी कोणी खणले तर तो थर वेगळा काढणे जवळजवळ अशक्य होईल. निकोबारात तपकिरी जंगलमातीवर पांढरी प्रवाळी वाळू पडली, तिथे डोळ्यांना दिसते. जपानच्या इशिगाकी बेटावर तर मोठमोठे प्रवाळखडक जमिनीवर येऊन पडले आहेत, आणि २४ एप्रिल १७७१ च्या त्सुनामीशी त्यांचा संबंध जोडला जातो. तिथे झालेल्या मोजणीतून कळले, की तुफानांनी हलवलेले खडक प्रवाळभिंतीच्या कडेपासून साधारण ३०० मीटरच्या आत राहतात आणि आत जावे तसे लहान होत जातात. त्यापलीकडे, किनाऱ्यावर किंवा जमिनीवर मोठा खडक दिसला तर त्सुनामीचा संशय घ्यायला जागा आहे. तरीही तिथला प्रत्येक खडक १७७१ चाच आहे असे नाही.

अंदमान-निकोबारच्या वाळूत आणखी एक गोष्ट वाचता येते, आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची. २००४ च्या भूकंपात जमीन हलली ती कायमची. ग्रेट निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंट ४ मीटरहून जास्त खचला, दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. दक्षिण अंदमान सुमारे १ मीटर खाली गेले आणि पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटची भातशेती भरतीच्या पाण्याखाली गेली. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मात्र वर आला, उघडी पडलेली प्रवाळे मेली. जिथे जमीन खचली तिथे खालून वर क्रम असा मिळतो: शेताची किंवा जंगलाची माती, तिच्यावर वाळू, आणि वाळूवर खाडीचा करडा चिखल, कारण आता तिथे रोज भरती येते. वाळूखाली माती आणि वाळूवर चिखल दिसला तर भूकंप जवळचा. वाळूच्या खाली-वर सारखीच माती असली तर लाट लांबून आलेली असू शकते. दक्षिण अंदमानात बडाबालू इथे आयआयटी कानपूरच्या जावेद मलिक यांच्या गटाने खणून गेल्या ८,००० वर्षांतल्या सात त्सुनामींच्या खुणा २०१९ मध्ये मांडल्या. त्या कामातही निव्वळ वाळूवर भिस्त नव्हती, जमिनीच्या खाली-वर होण्याच्या खुणाही तपासलेल्या होत्या.

आता खड्डा. पुळणीवर खणू नये. तिथली वाळू दर पावसाळ्यात उलथीपालथी होते. वरंब्यांमागचा खोलगट, पाणथळ भाग किंवा खाडीकाठचे जुने खाजण निवडावे. समुद्राला काटकोनात एक रेघ आखून तिच्यावर दर २५ ते ५० मीटरला एक खड्डा किंवा ऑगरचे (मातीत फिरवायच्या गिरमिटाचे) भोक घ्यावे. एकट्या खड्ड्यावरून काही ठरत नाही, कारण आत जाताना थर पातळ आणि बारीक होतो की नाही हे रेघेशिवाय कळत नाही. खड्डा १ मीटर लांब-रुंद, १ ते दीड मीटर खोल पुरे. काम एप्रिल-मेमध्ये करावे, पाणी खाली गेलेले असते. पावसाळ्यानंतर गेलात तर अर्ध्या मीटरवर पाणी लागते आणि वाळूची भिंत पायाशी वितळून बसते. समुद्राकडची बाजू सोडून दोन लगतच्या भिंती थापीने सपाट कराव्यात, वर पट्टी लावावी, सावलीत फोटो घ्यावा (कडक उन्हात बारीक रेघा पांढऱ्या पडतात). खड्ड्याच्या तोंडाची उंची ऑटो लेव्हलने (सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने) सरासरी समुद्रसपाटीपासून मोजावी. मोबाइलवर दिसणारी उंची यासाठी कुचकामी आहे, तिच्यातली चूकच कित्येक मीटरची असते.

नमुने खालून वर घ्यावेत. वरून सुरुवात केली की सांडलेले कण खालच्या थरांवर पडतात. वाळूच्या थरात दर १ सेंटिमीटरला, थर पातळ असेल तर अर्ध्या सेंटिमीटरला नमुना; शिवाय थराच्या खालच्या आणि वरच्या मातीचे दोन-तीन. पिशवीत चिठ्ठी पेन्सिलीने लिहून टाकावी, शाई ओलीत पसरते. भोकासाठी पीव्हीसीचा पाइप ठोकत असाल तर पाइपच्या आतल्या आणि बाहेरच्या मातीची पातळी दोन्ही मोजाव्यात. १ मीटर पाइप आत गेला आणि आत ८० सेंटिमीटरच माती आली, असे सर्रास होते. माती दाबली जाते, आणि ती नोंद नसेल तर पुढच्या सगळ्या खोल्या चुकतात.

प्रयोगशाळेत चाळणी आणि लेझरवर कणांचा आकार, भट्टीत जाळून सेंद्रिय भाग, आणि सूक्ष्मदर्शकाखाली डायटम (पाण्यातली सूक्ष्म शैवाले) व फोरामिनिफेरा (कवच असलेले समुद्री सूक्ष्मजीव). गोड्या पाण्याच्या डायटमांच्या मातीत मधेच खाऱ्या पाण्याचे डायटम आले आणि पुन्हा गोड्याचे सुरू झाले, तर समुद्र एकदा येऊन गेला एवढे सिद्ध होते. कसा आला, ते यातून सिद्ध होत नाही. उथळ किनाऱ्यावर कधीच न सापडणाऱ्या, खोल पाण्यातल्या जाती निघाल्या तर त्सुनामीची बाजू भक्कम होते. मिठावर विसंबू नये. थायलंडच्या २००४ च्या वाळूतले बरेचसे मीठ पहिल्याच पावसाळ्यात धुऊन गेले. आपल्या कोकणच्या पावसात काय राहणार!

कालमापनात तर घोटाळे फार. वाळूतला कोळशाचा तुकडा घेऊन कार्बन-१४ ची तारीख काढली की ती लाटेची तारीख झाली, असे गृहीत धरतात. तो तुकडा लाटेने कुठूनतरी उकरून आणलेला असतो, लाटेपेक्षा शेकडो वर्षे जुना असू शकतो. तारीख काढायची ती वाळूच्या लगेच खालच्या मातीतल्या पानाची, बीची, बारीक डहाळीची, आणि लगेच वरच्याची. लाट या दोन तारखांच्या मधली. शिंपल्याची तारीख समुद्री पाण्यातल्या जुन्या कार्बनमुळे काही शतकांनी जुनी येते, तिला स्थानिक दुरुस्ती लावावी लागते. हे नमुने ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावेत, कापूस वा वर्तमानपत्रात नाही (क्षमस्व, संपादक महोदय). प्रकाश-उत्तेजित दीप्तीने (कणांवर शेवटचा उजेड कधी पडला ते सांगणाऱ्या पद्धतीने) वाळूचेच वय काढायचे तर साधारण ५ सेंटिमीटर व्यासाची, २० सेंटिमीटर लांबीची अपारदर्शक नळी भिंतीत आडवी ठोकावी, काळी टेप लावून बंद करावी. नळीच्या दोन्ही टोकांची वाळू फेकूनच द्यायची असते, तिला उजेड लागलेला असतो. लाट रात्रीची असेल किंवा पाणी फार गढूळ असेल तर मुळातच वाळूवर पुरेसा उजेड पडलेला नसतो, आणि वय आहे त्यापेक्षा जास्त येते.

थर नसणे याचा अर्थ त्सुनामी आली नव्हती असा होत नाही, हे तर बातम्यांमध्ये कधीच दिसत नाही. एक-दोन सेंटिमीटरचा थर उष्ण कटिबंधात फार टिकत नाही: खेकडे बिळे पाडतात, मुळे शिरतात, पाऊस वाहून नेतो, नांगर फिरतो. पुढची लाटही आधीचा थर खरवडते. सुमात्राच्या आचे प्रांतात किनाऱ्यावरच्या एका गुहेत वटवाघळांच्या विष्ठेच्या थरांनी वाळूचे थर एकमेकांपासून सुटे ठेवले होते. त्यात ७,४०० ते २,९०० वर्षांपूर्वीच्या काळातल्या अकरा त्सुनामी मोजता आल्या, पण नंतरच्या सुमारे तीन हजार वर्षांचा हिशेब गुहेतून पुसला गेलेला होता. जे उरले त्यातही ठरावीक फेरा नव्हता: कधी दोन हजार वर्षे शांतता, कधी एकाच शतकात चार लाटा. ‘इतक्या वर्षांनी त्सुनामी येते’ असा सरासरीचा आकडा मथळ्यात टाकण्याआधी ही गुहा आठवावी.

आणि वाळू संपते तिथे पाणी संपत नाही. जपानच्या सेंदाई मैदानात ११ मार्च २०११ नंतर मोजले तेव्हा, पाणी अडीच किलोमीटरपेक्षा जास्त आत गेले तिथे अर्ध्या सेंटिमीटरची वाळू फार तर ३ किलोमीटरपर्यंत पोहोचलेली होती, पाणी आणखी पुढे. त्यापुढे फक्त चिखल, आणि तो चार पावसांत ओळखू येईनासा होतो. त्याच मैदानात इसवी सन ८६९ च्या जोगान त्सुनामीची वाळू अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून शोधून ठेवली होती. त्या वाळूच्या टोकाला पुराची हद्द धरून केलेले अंदाज म्हणूनच तोकडे पडले. धोक्याची रेषा आखताना वाळूची रेषा ही कमीत कमी हद्द धरायची असते.

आता आपला कोकण. दापोली तालुक्यातल्या केळशीच्या वाळूच्या टेकडीवर डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी काम केले, पुढे इतरांनीही. तिथल्या शिंपले-खापरांच्या थराचा संबंध १५२४ च्या घटनेशी जोडला जातो: त्या सप्टेंबरात वास्को द गामाच्या ताफ्यातली जहाजे दाभोळच्या परिसरात समुद्रात एकाएकी हादरली, असे पोर्तुगीज वृत्तान्त सांगतात. काही संशोधकांना तो थर त्सुनामीचा वाटतो, काहींना नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. जहाज हादरणे ही समुद्रतळाच्या भूकंपाची खूण आहे. खोल पाण्यात त्सुनामी जहाजाखालून गेली तर खलाशाला कळतसुद्धा नाही. म्हणजे वृत्तान्तावरून भूकंप मानता येईल, लाटेचा पुरावा जमिनीतूनच यायला हवा. पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ नोव्हेंबर १९४५ मध्ये झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि माणसे दगावली, तेव्हा धोका काल्पनिक नाही. पण मकरान इथून हजार किलोमीटरहून दूर; तिथल्या भूकंपाने कोकणची जमीन खचणार नाही, त्यामुळे अंदमानसारखा माती-वाळू-चिखल हा क्रम इथे मिळणार नाही. मिळाला तर पातळ थर मिळेल, आणि तो वादळापासून वेगळा काढावा लागेल. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने याच पट्ट्यात टाकलेली वाळू त्या तुलनेसाठी हाताशी आहे. तिच्याशी ताडून न पाहता केलेला कोणताही दावा आम्ही अर्धवट मानतो.

ग्रेट निकोबारबद्दलही स्पष्ट लिहितो. गलाथिया खाडीत कंटेनर बंदर होणार, २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरीही मिळाली. त्या बंदराला पुढे कसल्या लाटा सोसाव्या लागतील याचे उत्तर ज्या जमिनीत आहे, तीच जमीन खोदली जाणार आहे. यंत्रे लागण्याआधी खाडीमागच्या पाणथळ भागात काटकोनातल्या तीन-चार रेघा, प्रत्येकीवर दहा-बारा भोके आणि दोन खड्डे, एवढे काम एका उन्हाळ्यात होते, आणि त्याचा खर्च बंदराच्या हिशेबात नजरेतही भरणार नाही. हे काम मंजुरीच्या अटींत असायला हवे होते. अजूनही घालता येईल.

कोकणातल्या ज्या वाचकांच्या विहिरीत किंवा बांधकामाच्या पायात असा पट्टा लागेल त्यांनी एवढे करावे. एक भिंत दोन दिवस तशीच ठेवावी, वर ताडपत्री टाकावी. मोजपट्टी लावून फोटो काढावा. जमिनीपासून पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या कडेची खोली, उधाणाच्या भरतीच्या रेषेपासूनचे अंतर, आणि शेजारच्या जुन्या विहिरीतही तो पट्टा लागला होता का, हे लिहून ठेवावे. पट्ट्याचा, त्याच्या खालच्या-वरच्या मातीसकट, विटेएवढा ठोकळा कापून प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळावा, वरची बाजू बाणाने दाखवावी, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे. ठोकळा धुऊन, पुसून, शिंपले वेगळे करून नेऊ नये. बहुतेक जण नेमके तेच करतात.

आपले,
किनारी गाळाचे काही अभ्यासक
पुणे व रत्नागिरी